नव्याण्णव नंबरची कॅसेट

एका जंगलात सिंह नव्हता. मुलांनो, जंगल म्हटलं की तुम्हाला सिंह लागतो, माहीत आहे. पण या जंगलात सिंह नव्हता, समिती होती. समितीला आयाळ नसते. भूक तेवढीच असते.

तर त्या जंगलात अर्जुनाच्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. कॅसेट म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक नसेल. विटेएवढा काळा डबा. त्याच्या पोटात काळी फीत. फितीत अख्खा पिक्चर. तो डबा भाड्याने न्यायचा, घरच्या टीव्हीवर लावून बघायचा आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायचा. परत द्यायचा, हे नीट लक्षात ठेवा. या गोष्टीत पुढे मोठी मंडळी येणार आहेत.

दुकान होतं खवलेकाकांचं. काका जातीने खवल्या मांजर. लांब नाक, त्याहून लांब जीभ, अंगभर खवले आणि तोंडात दात नाहीत. मुंग्या चाटून पोट भरायचं आणि कोणी मोठ्याने बोललं की अंगाचं वेटोळं करून बसायचं, एवढाच स्वभाव. ते वेटोळं एकदा झालं की वाघालाही उलगडत नाही. पण वाघ कशाला मोठ्याने बोलतोय. मोठ्याने बोलायला समिती होती.

काका या धंद्यात भुकेपोटी पडले. एकदा बाजारात त्यांनी टीव्ही पाहिला. अँटेना हलला होता आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या होत्या, काळ्या-पांढऱ्या, खरखरणाऱ्या. काकांनी बराच वेळ बघितलं. मुंग्या संपेनात. टीव्ही डोक्यावर घेऊन ते तडक घरी आले आणि पडद्याला जीभ लावली.

त्यांची बायको, सिंधूकाकू, हे बघून इतकी हसली की तिचंच वेटोळं झालं. उलगडल्यावर म्हणाली, "अहो, हे चाटायचं नसतं, बघायचं असतं. आता आणलाच आहे तर दुकान टाकू या."

असं 'सिंधू व्हिडिओ' निघालं. कॅसेट भाड्याने व विकत मिळतील.

उद्घाटनाला वानरमामा आले. वानरमामा जंगलातल्या लग्नांचं शूटिंग करायचे. त्यांच्या खांद्यावर पेटीएवढा कॅमेरा असायचा आणि त्यात हीच मोठी कॅसेट बसायची. मामांनी सात मिनिटं शूटिंग केलं. त्यात काय होतं ते सांगतो. रिबीन कापायला कात्री सापडत नाही, म्हणून काकू ती नखाने फाडतात. मुंग्यांचे लाडू वाटतात. एक लाडू काकांच्या नाकाला लावतात. मग कॅमेऱ्याच्या काचेला नाक लावून विचारतात, "लाल दिवा लागलाय का? का मी उगाच बोलतेय?" आणि हसतात. संपलं. पुढची सगळी फीत कोरी.

त्या कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचा एक बारका तुकडा असतो. काकांनी तो नखाने मोडला. तुकडा मोडला की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही.

"आता हे कोणाला पुसता यायचं नाही," काका म्हणाले.

"आणि त्या भोकावर कोणी चिकटपट्टी लावली तर?"

"मग भरता येईल. पण एवढा हलकट कोण असणार?"

 काकूंना जंगलाची जास्त माहिती होती.

दुकानात अठ्ठ्याण्णव पिक्चर होते. त्यांची चित्रं भिंतीला चिकटवलेली आणि कॅसेट मागच्या फळीवर साध्या पांढऱ्या खोक्यांत, वर नुसता नंबर. नंबर काकूंनी घातले होते. घरची कॅसेटही त्यांनी नव्याण्णव नंबर देऊन त्याच फळीवर ठेवली, कारण घरात रोज वाळवीचं जेवण असायचं आणि जेवण कधी कधी पळून कॅसेटच्या खोक्यात जाऊन बसायचं. काकूंच्या अक्षरात दोष एकच. त्यांचा एक आणि नऊ सारखाच दिसायचा.

दारावर पाटीही त्यांनीच रंगवली: 'बघून झाल्यावर कॅसेट पूर्ण मागे फिरवावी व परत करावी.' पिक्चर बघून संपला की फीत शेवटाला पोचलेली असते. ती उलटी गुंडाळून सुरुवातीला आणायची, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला सुरुवात सापडते. साधा नियम होता. सबंध जंगलात तो एकानेही पाळला नाही. रोज सकाळी काका आणि काकू परत आलेल्या कॅसेट एकेक करून मागे फिरवत बसायचे आणि गप्पा मारायचे.

आता त्या काळातली मोठी मंडळी. पिंगळासर हे घुबडांतले लहान घुबड, पण विद्वान. त्यांनी दुकानावर मोर्चा काढला होता. व्हिडिओमुळे पिल्लं बिघडतात आणि वाचन बुडतं, असं त्यांचं म्हणणं. मोर्चा संपल्यावर ते एक कॅसेट घेऊन घरी गेले. अस्वलआप्पा समितीचे अध्यक्ष. ते दुकानात पुढून कधी आलेच नाहीत. मागच्या भोकातून यायचे आणि कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे. कुठली, ते सांगत नाही, तुम्ही लहान आहात. बाहेर आले की आपल्या पोरांना बजावायचे, त्या ढोलीकडे फिरकलात तर तंगडी मोडीन.

आणि घोरपडअण्णा. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. शाळेतली ही एक गोष्ट खरी आहे.

पुढे सिंधूकाकू गेल्या. दोन दिवस ताप आला आणि गेल्या. तेरावं झाल्यावर काकांनी दुकान उघडलं. डोळे सुजलेले होते. घोरपडअण्णा आले आणि अकरा नंबर मागितला. अकरा नंबर म्हणजे भुताचा पिक्चर. काकांनी फळीवर हात घातला, काकूंच्या अक्षरातला अकरा बघितला आणि दिला. तो नव्याण्णव होता.

चार दिवसांनी कळलं. काका धावत अण्णांच्या कपारीशी गेले.

"अण्णा, ती कॅसेट चुकून गेली. ती द्या आणि भुताची न्या."

"देणारच आहे की," अण्णा म्हणाले. "बघून झाल्यावर."

"तिच्यात पिक्चर नाही, अण्णा."

"तेच तर. लावली, तर तुमची बायको लाडू वाटतेय. भूत कुठे आहे? बघायचं झालंच नाही अजून. आणि तुमची पाटी काय म्हणते? बघून झाल्यावर परत करावी."

काका परत फिरले. पाटी बायकोच्या हातची होती, तिच्याशी भांडता येईना. खरं तर त्यांनी अण्णांची शेपटी धरून त्यांना कपारीबाहेर ओढायला हवं होतं. पण काका सज्जन होते. सज्जन असणं म्हणजे काय, तर आपली वस्तू आपणच अजीजीने मागायची.

दर आठवड्याला ते जायचे. दर आठवड्याला अण्णांचं बघायचं राहिलेलं असायचं.

मग डिश आली. मग सीडी आली. मग प्रत्येकाच्या पंजात मोबाइल आला. गिऱ्हाइकं संपली. अठ्ठ्याण्णव कॅसेटना बुरशी लागली. काका तरी सहा वर्षं दुकान उघडून बसले. रोज सकाळी पाटी पुसायची आणि दाराकडे बघत राहायचं. जंगल म्हणायचं, केवढी कलेवर निष्ठा. निष्ठा कसली. अण्णांनी कॅसेट आणलीच तर परत करायला दुकान उघडं सापडायला हवं, एवढंच होतं.

शेवटी समितीने ढोली काढून घेतली आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका सरड्याला दिली. नव्या दुकानाची रिबीन पिंगळासरांनी कापली. या वेळी कात्री होती.

आता गोष्ट सुरू होते.

बारा वर्षं गेली. मोठी मंडळी निवृत्त झाली. निवृत्त झाल्यावर मोठ्या मंडळींना पहिली गोष्ट काय होते, तर गहिवर येतो. त्यांनी मोबाइलवर 'सोनेरी दिवस' नावाचा ग्रुप काढला. ज्या मोबाइलने पिढी बिघडते त्याच मोबाइलवर. एका सकाळी पिंगळासरांनी लिहिलं, 'आठवतंय का ते व्हिडिओचं दुकान? तो प्लास्टिकचा वास?' झालं. एकशे चाळीस जणांनी रडकी तोंडं टाकली. आप्पांनी लिहिलं, 'आम्ही मुलांना बोटाला धरून न्यायचो.' आप्पांची मुलं त्याच ग्रुपमध्ये होती. ती गप्प बसली. त्यांना अजून तंगड्या होत्या.

ठराव झाला. बंद पडलेल्या 'सिंधू व्हिडिओ'साठी शोकसभा घ्यायची. सगळं त्या काळासारखं करायचं. पत्रिका छापली: 'कै. खवले यांच्या पावन स्मृतीस.' खवले जिवंत आहेत की नाहीत, हे कोणी जाऊन बघितलं नाही. दुकान बंद म्हणजे दुकानदारही गेला असणार, असा हिशेब.

पत्रिका काकांच्याही घरी आली. काका ती घेऊन आप्पांच्या गुहेत गेले.

आप्पांनी त्यांना नीट न्याहाळलं. "तुम्ही आहात होय?"

"आहे."

"पंचाईत झाली. पत्रिका वाटून झाल्या, फोटोला हार सांगितला. पिंगळासरांनी तर मृत्युलेख पाठ केलाय." आप्पांनी जरा विचार केला. "खवले, रविवारचा दिवस कळ काढा. सोमवारपासून खुशाल जिवंत व्हा. तुम्हाला स्टेजवरच बसवतो, तुमच्या फोटोच्या मागे. मान तुमचाच आहे."

वाचणारा कोणीही म्हणेल, इथे काकांनी पत्रिका फाडून आप्पांच्या तोंडावर फेकली असेल. नाही फेकली. काका म्हणाले, बरं. मारता तर मारा, पण एक काम करा. घोरपडअण्णांकडे नव्याण्णव नंबरची कॅसेट आहे. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. तेवढी मला मिळवून द्या. सिंधूचं दुसरं काही माझ्याकडे नाही, फोटोसुद्धा नाही. चेहरा आता नीट आठवत नाही, नाक आठवतं आणि हसणं आठवतं, मधलं जातं.

आप्पांच्या कानात एवढंच शिरलं की जंगलात अजून एक कॅसेट शिल्लक आहे. ते उठून उभेच राहिले. "शेवटची कॅसेट! अहो, ही तर सभेची शान झाली."

काका खूश होऊन घरी गेले. त्यांना वाटलं, काम झालं. झालंच होतं.

रविवारी दुपारी चार वाजता सगळं जंगल माळावर जमलं. दारातच दोन नियम होते. पहिला, मोबाइल टोपलीत टाकायचे, कारण त्या काळात मोबाइल नव्हते. दुसरा, सभेत उलट्या पावली शिरायचं. तो कशासाठी, ते सांगतो. सरड्याने दुकान सजवताना काकूंची पाटी तीन तुकड्यांत तोडून अडसराला वापरली होती. समितीला त्यातला एकच तुकडा मिळाला. त्यावर उरलं होतं, 'पूर्ण मागे फिरवावी.' पिंगळासरांनी तो तुकडा आठवडाभर अभ्यासला आणि निष्कर्ष काढला की पूर्वीची पिढी दर कामाआधी पाठ फिरवून पूर्वजांकडे जात असे. ज्या पिढीबद्दल ते बोलत होते तिच्यात ते स्वतः होते. तरी कोणी हसलं नाही.

तर रानडुकरं, सांबरं, मोर, ससे, सगळे पाठीकडून आत आले. तीन रानडुकरं खड्ड्यात पडली. एक म्हातारं सांबर उलटं चालता चालता सभेतून पार होऊन तळ्यात गेलं. त्याच्यासाठी दोन मिनिटं जास्त शांतता पाळायचं ठरलं. मोराने बसताना आपल्याच पिसाऱ्यावर बैठक मारली आणि म्हणाला, त्या काळी असंच सुख होतं.

स्टेजवर टीव्ही होता. त्याच्या मागे हार घातलेला काकांचा फोटो. फोटोच्या मागे काका.

आप्पांनी घोरपडअण्णांना पुढे बोलावलं. अण्णांनी रेशमी फडक्यातून कॅसेट काढली आणि दोन्ही हातांनी वर धरली. आप्पांनी सांगितलं की आज सगळ्या कॅसेट नष्ट झाल्या, पण अण्णांनी एक जिवापाड जपली. अण्णांना 'जतनरत्न' अशी पदवी दिली. शाल दिली. अण्णा गहिवरून म्हणाले, मोह फार झाले, पण मी ती शेवटपर्यंत परत केली नाही. टाळ्या थांबेनात.

वानरमामांनी कॅसेट टीव्हीला जोडलेल्या यंत्रात घातली.

काका टीव्हीच्या मागे. त्यांना दिसतो तो टीव्हीचा पाठीमागचा काळा डबा आणि वायरी. पण आवाज आला. रिबीन फाटल्याचा. लाडवांच्या ताटाचा. मग एकदम जवळून, "लाल दिवा लागलाय का? का मी उगाच बोलतेय?"

काका उठले. आप्पांनी न बघताच त्यांच्या खांद्यावर पंजा ठेवून खाली दाबलं. "कैलासवासी, बसा."

टीव्हीतून हसणं ऐकू आलं. काका पंज्याखालून सुटले, फोटो आडवा पाडला, हारात पाय अडकला, वायरी ओलांडून टीव्हीच्या पुढे आले. पडद्यावर मुंग्या होत्या.

सात मिनिटं संपली होती. प्रेक्षकांत कोणी जांभई दिली. पिंगळासर म्हणाले, प्रायोगिक दिसतोय, नायिकेचा चेहरा बोलका आहे.

काका यंत्राजवळ गेले. "हिला ओळखता का तुम्ही?" त्यांनी विचारलं. कोणी ओळख दाखवली नाही. वीस वर्षं हिच्या हातून कॅसेट नेलेले सगळे समोर बसले होते.

आणि मग वानरमामा आपल्या कॅमेऱ्याची पेटी उघडून ओरडले की कोरी कॅसेट आणायची राहिली. सभेचं शूटिंग जुन्याच कॅमेऱ्यावर करायचं होतं, सगळं त्या काळासारखं. आता जंगलात कोरी कॅसेट कुठून येणार.

आप्पांनी यंत्रातल्या कॅसेटकडे बोट दाखवलं. "ही आहे की. हिच्यात नुसत्या मुंग्याच आहेत."

मामांनी कॅसेट काढून उलटी केली. "हिचा तुकडा मोडलाय, आप्पा. हिच्यावर भरता येणार नाही." मग मामांच्या चेहऱ्यावर तीस वर्षांच्या अनुभवाचं तेज आलं. त्यांनी स्टेजवरच्या 'भावपूर्ण श्रद्धांजली' या फलकाची चिकटपट्टी बोटभर फाडली आणि त्या भोकावर लावली. "झालं."

"भरा," काका म्हणाले.  "भरा, मी नाही म्हणत नाही. पण आता फीत जिथे आहे तिथूनच पुढे भरा. पुढे तास-दोन तास कोरी आहे. तुमचं सगळं मावेल. फक्त मागे नेऊ नका."

मागणी एवढीच होती, मुलांनो. काही करू नका. आहे तिथेच राहू द्या. यापेक्षा सोपं काम जंगलात कोणी कोणाला सांगितलेलं नाही.

आप्पांनी स्टेजवर टांगलेल्या पाटीच्या तुकड्याकडे बोट केलं. "पूर्ण मागे फिरवावी. खवले, नियम तुमच्याच दुकानाचा आहे. तो आयुष्यात एकदा तरी पाळायचा म्हणून तर आम्ही जमलोय."

सगळी सभा गंभीर आवाजात म्हणाली, "पूर्ण मागे फिरवावी."

तेव्हा काकांनी आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या हातातली वस्तू हिसकावली. कॅसेट पोटाशी घेतली आणि वेटोळं केलं. बाहेर नुसते खवले. आत काका, त्यांच्या आत कॅसेट, तिच्या आत काकू.

समितीने ढकलून पाहिलं. अण्णांनी नखं अडकवून पाहिली. रानडुकरांनी मुसंडी मारली, तेव्हा वेटोळं स्टेजभर घरंगळत फिरलं, उलगडलं नाही. पिंगळासरांनी त्याला उद्देशून मृत्युलेख वाचायला घेतला, तरी उलगडलं नाही.

पुढच्या रांगेतून मुंगसाची केतकी उठली. तरुण पोरगी, आजीने ओढून आणलेली. ती म्हणाली, "आप्पा, टोपलीतला माझा मोबाइल द्या. ती सात मिनिटं टीव्हीवर पुन्हा लावा, मी मोबाइलमध्ये घेते. मग कॅसेटचं काय करायचं ते करा. भांडणच नको."

सगळ्या सभेने असं नाक मुरडलं, जणू तिने स्टेजवर काही घाण केली असावी.  आप्पा दुःखाने म्हणाले, "बाळ, हेच तुमच्या पिढीचं चुकतं. तुम्हाला काही जपताच येत नाही."

आजीने केतकीला शेपटी धरून खाली बसवलं. समितीने टोपलीवर रानडुक्कर बसवलं.

शेवटी घोरपडअण्णा वेटोळ्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "खवले, तुम्ही नुसतं ऐकलंत हो. वहिनींना बघितलं कुठे? या, बघा एकदा. मामा कॅमेऱ्यातच लावतील. त्या कॅमेऱ्याच्या डोळ्यातून फक्त तुम्हालाच दिसतील, दुसरं कोणी नाही."

 मग एक खवला हलला. मग लांब नाक बाहेर आलं.

"खरंच?"

"जतनरत्न खोटं बोलेल का?"

काका उलगडले. त्यांनी स्वतः कॅसेट मामांच्या हातात दिली. आणि स्वतःच म्हणाले, "मागे फिरवा." बायको सुरुवातीला होती. तिला बघायचं तर मागे फिरवायलाच हवं होतं.

फीत सर्रकन मागे गेली आणि टक्‌ करून थांबली. त्या जंगलाच्या इतिहासात दुकानाबाहेर पूर्ण मागे फिरवलेली ती पहिली कॅसेट.

कॅमेरा तिकाटीवर होता. काकांनी त्याच्या बारक्या काळ्या भोकाला डोळा लावला. दुसरा डोळा घट्ट मिटला. नाकावर कुणी लाडू लावणार असल्यासारखं तोंड वर केलं.

"लावा," काका म्हणाले.

"चला, करा चालू," आप्पा म्हणाले.

वानरमामांनी तीस वर्षं लग्नं शूट केली होती. त्यांना 'लावा' असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. 'करा चालू' म्हणायचे, तेव्हा मामा शूटिंगची दोन बटणं एकदम दाबायचे. आताही त्यांच्या बोटांनी दोन बटणं एकदम दाबली. कॅमेऱ्याच्या कपाळावर लाल दिवा लागला.

काकांना भोकातून बायको दिसली नाही. अस्वलआप्पा दिसले. ते माइक ठोकत होते. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे नाक पुढे केलं आणि विचारलं, "लाल दिवा लागलाय का? का मी उगाच बोलतोय?"

काकांनी डोळा काढला नाही. 

"लागलाय," ते म्हणाले.

आप्पा दोन तास बोलले. पहिली सात मिनिटं त्यांनी उपस्थितांची नावं घेतली. त्यात सिंधूकाकूंचं नाव नव्हतं.

शेवटी मानचिन्ह द्यायचं होतं. मानचिन्ह म्हणून ती कॅसेटच द्यायची, असं एकमताने ठरलं. कै. खवले यांना मरणोत्तर. काकांनी हात पुढे केले, पण पिंगळासरांनी त्यांना समजावलं की मरणोत्तर मानचिन्ह स्वतः घेता येत नाही, वारसाने घ्यावं लागतं. वारस कोणी नव्हता. मग काकांच्या वतीने घोरपडअण्णांनी ते स्वीकारलं, शालीत गुंडाळलं आणि काखेत धरलं.

जाताना ते काकांजवळ थांबले. "काळजी करू नका, खवले. बघून झाली की आणून देतो."

सोमवारी सकाळी काका नियमाप्रमाणे जिवंत झाले. केतकी त्यांच्या घरी गेली, तर ते जुना टीव्ही लावून समोर बसले होते. पडद्यावर मुंग्या होत्या. तिने विचारलं, काका, काही खाल्लंत का. काका म्हणाले, हे चाटायचं नसतं, बघायचं असतं. आणि बघत राहिले.

तात्पर्य: मुलांनो, दुसऱ्याची वस्तू कधीही परत करू नये. सगळ्यांनी वेळेवर परत केल्या तर दुकानं चालू राहतात, दुकानदार जिवंत राहतात, आणि मग मोठ्या मंडळींनी हळहळायचं कशासाठी?